लार्ज फॉरमॅट निगेटिव्हसाठी फ्लॅटबेड स्कॅनर कसा निवडायचा?

आईच्या काकांचा नाशिकमध्ये रविवार कारंज्याजवळ फोटो स्टुडिओ होता. आम्ही त्यांना अण्णा आजोबा म्हणतो. स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण निगेटिव्हचे खोके वाड्याच्या माळ्यावर तसेच होते. गेल्या वर्षी वाडा पाडायचं ठरलं, तेव्हा एक भंगारवाला ते किलोच्या भावाने न्यायला तयार झाला. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चांदी असते, ती काढून विकतात. आजोबांनी त्याला परत पाठवलं आणि मला फोन केला, "तू कॉम्प्युटरवाला ना, बघ यांचं काही होतंय का." अशा रीतीने साधारण तीनशे निगेटिव्ह आणि एक जाडजूड रजिस्टर माझ्या फ्लॅटमध्ये आलं.

मी सॉफ्टवेअरवाला, फोटोग्राफी शून्य. पहिला स्कॅनर मी चुकीचाच घेतला. खोक्यावर ४८०० डीपीआय लिहिलं होतं, म्हटलं झालं काम. निगेटिव्ह ठेवली, स्कॅन केलं, तर स्क्रीनवर काळपट चौकोन! तुमचे पैसे असे वाया जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

आधी फूटपट्टी घ्या

लार्ज फॉरमॅट म्हणजे साधारणपणे ४×५ इंच किंवा त्याहून मोठी, सुटी शीट असलेली फिल्म. इंटरनेटवरची बहुतेक माहिती ४×५ आणि ८×१० या मापांभोवती फिरते. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंमध्ये मात्र प्लेटची मापं जास्त चालायची. क्वार्टर प्लेट सव्वातीन × सव्वाचार इंच, हाफ प्लेट पावणेपाच × साडेसहा, फुल प्लेट साडेसहा × साडेआठ. आमच्या खोक्यांत बहुतेक हाफ प्लेट निघाल्या. हे माप ४×५ च्या होल्डरमध्ये बसत नाही. त्यामुळे '४×५ सपोर्ट' एवढं वाचून ऑर्डर करू नका. खोक्यातली सगळ्यात मोठी निगेटिव्ह मोजा आणि तो आकडा धरूनच पुढचं वाचा.

खरा प्रश्न झाकणातल्या दिव्याचा

कागद स्कॅन करताना उजेड खालून पडतो आणि परावर्तित होऊन सेन्सरवर येतो. निगेटिव्ह पारदर्शक असते, तिच्यातून उजेड आरपार जावा लागतो. म्हणजे झाकणातही दिवा हवा. याला ट्रान्सपरन्सी युनिट म्हणतात. माझ्या पहिल्या स्कॅनरमध्ये ते नव्हतंच. बाजारातले पातळ, हलके, फक्त यूएसबीवर चालणारे स्कॅनर बहुतेक सीआयएस सेन्सरचे असतात. कागदपत्रांसाठी ते उत्तम, पण काचेपासून जरा वर असलेली गोष्ट त्यांना धूसर दिसते. फिल्मसाठी सीसीडी सेन्सरवालाच बघा.

आता मुख्य मुद्दा. झाकणात दिवा असला तरी तो केवढ्या भागावर पडतो हे बघायचं. एप्सनचा व्ही६०० घ्या. काच ए४ ची, पण फिल्मसाठीची उजेडाची खिडकी साधारण ७ सेंटिमीटर रुंदीची पट्टी. ३५ मिमी आणि १२० रोलसाठी ती पुरते. हाफ प्लेट १२ सेंटिमीटर रुंद आहे, ती एका वेळी मावणारच नाही. व्ही७००, व्ही७५०, व्ही८०० आणि व्ही८५०, तसंच त्यांच्याआधीचा ४९९०, यांची खिडकी ८×१० इंचांपर्यंत आहे. हाफ प्लेट, फुल प्लेट दोन्ही आरामात बसतात.

"व्ही६०० वर दोन भागांत स्कॅन करून जोडता येत नाही का?" येतं. दोन पट्ट्या मिळून १४ सेंटिमीटरच्या आत, म्हणजे ओव्हरलॅप जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. एक्स्पोजर मॅन्युअल ठेवून दोन्ही वेळा तेच वापरलं नाही, तर मधोमध जोड दिसतो. पाच-दहा निगेटिव्ह असतील तर करा. तीनशे असतील तर नका करू, वेड लागेल.

डीपीआयचं गणित

खोक्यावरचा ६४०० हा आकडा विसरा. स्वतंत्र चाचण्यांमध्ये व्ही७०० ते व्ही८५० या मॉडेल्समधून प्रत्यक्ष मिळणारं रिझोल्युशन साधारण २३०० ते २४०० डीपीआयच्या आसपास निघालंय. ३५ मिमीवाल्यांना हे टोचतं. आपल्याला नाही, कारण आपली निगेटिव्हच मोठी आहे. १२०० डीपीआयला हाफ प्लेटचे ५७०० × ७८०० पिक्सेल होतात, म्हणजे ४४ मेगापिक्सेल. ३०० डीपीआयने १९ × २६ इंचांची प्रिंट निघते. १६ बिट ग्रेस्केलमध्ये फाइल सुमारे ९० एमबी. २४०० ला तीच ३५५ एमबी, आणि ६४०० ला अडीच जीबी, नवी माहिती जवळजवळ शून्य!

मी सरसकट १२०० ठेवलं आणि निवडक निगेटिव्ह २४०० ला घेतल्या. २४०० वाली एक मोठी करून आजोबांना दाखवली, तर एका बाईंच्या गालावर पेन्सिलीच्या बारीक रेघा. मला वाटलं ओरखडे आहेत. आजोबा म्हणाले, "अरे, ते माझंच काम. देवीचे व्रण झाकायचो." तेव्हाचं रिटचिंग असं थेट इमल्शनवर, टोकदार पेन्सिलीने व्हायचं. म्हणून निगेटिव्ह ओल्या फडक्याने पुसायच्या आधी दहा वेळा विचार करा. धूळ फक्त ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने.

स्कॅनरच्या जाहिरातीत डिजिटल आइस नावाचं धूळ काढणारं फीचर असतं. ते इन्फ्रारेडवर चालतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे पारंपरिक ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर ते निरुपयोगी आहे. त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

सेकंडहँड घ्यावा का?

व्ही८५० नवा म्हणजे चांगल्या लॅपटॉपचं बजेट. मी जुना व्ही७०० घेतला. व्ही७०० आणि व्ही७५० मध्ये फ्लुरोसंट दिवा आहे, तो गरम व्हायला वेळ घेतो. व्ही८०० आणि व्ही८५० मध्ये एलईडी. चित्राच्या दर्जात मला तरी खर्च करण्याइतका फरक दिसला नाही. घेताना काचेवर मोबाइलचा टॉर्च तिरका मारून आतल्या बाजूने धुरकटपणा आलाय का पाहा, झाकणाची केबल आणि मूळ अॅडॅप्टर तपासा, आणि एक पूर्ण स्कॅन समोर करून घ्या. ड्रायव्हर नव्या विंडोजवर रुसला तर व्ह्यूस्कॅन हे सॉफ्टवेअर जुन्या स्कॅनरांनाही चालवतं.

या मालिकेत दोन लेन्स आहेत. होल्डरमधली फिल्म एका लेन्सने, थेट काचेवर ठेवलेली दुसऱ्या लेन्सने वाचली जाते. हाफ प्लेटला होल्डर नाही, म्हणून ती काचेवर ठेवून सॉफ्टवेअरमध्ये 'फिल्म एरिया गाइड' निवडायचं. काचेच्या वरच्या कडेची कॅलिब्रेशनची पट्टी झाकू नका, नाहीतर स्कॅनवर उभ्या रेघा येतात. फिल्मची चकचकीत बाजू काचेला टेकली की इंद्रधनुषी वलयं उमटतात, त्यांना न्यूटन रिंग म्हणतात. मॅट बाजू, म्हणजे इमल्शन, खाली ठेवा आणि नंतर इमेज आडवी उलटवा.

स्कॅनरवर ठेवण्याआधी

कडेवर 'सेफ्टी' छापलेलं असेल तर फिल्म ॲसिटेटची किंवा तशाच सुरक्षित प्रकारची. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ॲसिटेट कुजायला लागलंय, ती आधी स्कॅन करा आणि बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. १९५० च्या आधीची, 'सेफ्टी' न लिहिलेली, पिवळी-तपकिरी आणि चिकट झालेली फिल्म नायट्रेट असू शकते. ती भयानक ज्वालाग्राही असते. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून जुने चित्रपट गेले, ते याच प्रकारामुळे. अशी फिल्म माळ्यावर, पत्र्याखाली ठेवू नका.

नाशिकच्या पावसाळ्यात मी खोके उघडलेच नाहीत. दमट हवेत निगेटिव्ह एकमेकींना चिकटतात. दिवाळीनंतर काम सुरू केलं आणि फाइलला नाव दिलं रजिस्टरमधल्या नंबरचंच. हे फार उपयोगी पडलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर मी काही फोटो टाकल्यावर देवळालीहून एका काकांचा फोन आला. आईचा एकही फोटो घरात नाही, लग्नानंतरचा तुमच्या स्टुडिओत काढला होता म्हणाले. रजिस्टरमध्ये नाव सापडलं, मग नंबर, मग निगेटिव्ह. दहा मिनिटांचं काम.

काचेच्या साधारण चाळीस प्लेट अजून बाकी आहेत. काहींचं इमल्शन पापुद्र्यासारखं सुटतंय, त्या स्कॅनरवर पालथ्या घालायच्याच नाहीत. त्यांच्यासाठी एका डॉक्टरांकडून जुना एक्स-रे बघायचा बॉक्स आणलाय. प्लेट त्यावर, कॅमेरा वरून. २४ मेगापिक्सेलच्या एका फोटोत हाफ प्लेटचे साधारण ८४० डीपीआय मिळतात, तेवढे पुरेत.