चायकोव्हस्कीचे दोन अपराध

वाद्यवृंदाच्या एखाद्या कार्यक्रमात पूर्वार्धी चायकोव्हस्कीचा पियानोसाठी रचलेला पहिला कॉन्चेर्टो आणि उत्तरार्धी त्याच्याच 'स्वान लेक' या बॅलेचे संगीत, अशी जोडी आज कोणालाही रुचते. पण या दोन्ही रचनांचे मॉस्कोत प्रथम कसे स्वागत झाले ते पाहिले, म्हणजे ही जोडी वाटते तितकी सरळ नाही, हे आपल्या ध्यानात येईल.

कॉन्चेर्टो म्हणजे एक वाद्य आणि सबंध वृंद यांची कधी जुगलबंदी, कधी साथसंगत. १८७४ साली, रशियाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळाच्या आदल्या दिवशी, चायकोव्हस्कीने तो मॉस्कोच्या संगीतविद्यालयाचा संचालक निकोलाय रुबिनस्टाइन याला वाजवून दाखविला. रुबिनस्टाइन आधी गप्पच बसला आणि मग बरसला. रचना टाकाऊ, वाजविण्यास अशक्य, बहुतेक सारी नव्याने लिहावी, असा त्याचा निकाल! चायकोव्हस्कीने एक सूरही बदलण्यास नकार दिला. (पुढे त्याने फेरफार केले, ती गोष्ट निराळी.) अखेर २५ ऑक्टोबर १८७५ रोजी हान्स फॉन ब्यूलो या जर्मन वादकाने तो दूर अमेरिकेत, बोस्टनला, प्रथम वाजविला. त्याच वर्षी मॉस्कोत चायकोव्हस्कीचा शिष्य तानेयेव्ह पियानोवर बसला, तेव्हा वृंदाचे संचालन खुद्द रुबिनस्टाइन करीत होता. मनाचा हा मोठेपणा आम्हांला त्याच्या रागापेक्षा अधिक स्मरणीय वाटतो.

'स्वान लेक'चे दैव अधिक खडतर. बॅलेच्या संगीताने नर्तकीच्या पावलांना ठेका द्यावा, याहून त्याच्याकडून फारशी अपेक्षा नसे. चायकोव्हस्कीने तेथे सिम्फनीचा विस्तार आणला. १८७७ च्या मॉस्कोतील प्रयोगात त्याचे काही भाग गाळून दुसऱ्यांचे संगीत घुसविण्यात आले. १८९५ मध्ये पीतिपा व इवानोव्ह यांनी सेंट पीटर्सबर्गला हा बॅले नव्याने उभा केला, तेव्हा त्याच्या कर्त्याला जाऊन वर्ष उलटले होते.

या मागची खरी अढी १८७८ मध्ये उघड झाली. चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिम्फनीत बॅलेचे संगीत डोकावते, अशी तक्रार आली; आणि ती करणारा होता तोच तानेयेव्ह! बॅलेचे संगीत म्हणजे हलकेच असते काय, असे गुरूने उलट विचारले. हा प्रश्न, आमच्या मते, कोणत्याही सिम्फनीइतका मोलाचा आहे.

त्याचे उत्तर चायकोव्हस्कीने मैफलीतच दिले. 'नटक्रॅकर' रंगमंचावर येण्यापूर्वी, मार्च १८९२ मध्ये, त्यातील निवडक नाच त्याने स्वतः संचालन करून सेंट पीटर्सबर्गच्या श्रोत्यांना ऐकविले. त्यांतले बहुतेक पुन्हा वाजवावे लागले. डिसेंबरात प्रत्यक्ष बॅले झाला तेव्हा बऱ्याच टीकाकारांनी प्रयोगाला नाके मुरडली. ते नाच मात्र तोवर मैफलीत मानाने जाऊन बसले होते.