सौम्य त्वचापुटी

त्वचेत किंवा तिच्या लगत खाली सावकाश वाढणारी, स्वतःचे अस्तर असलेली निरुपद्रवी पिशवी. बोलीभाषेत आवाळू किंवा चरबीची गाठ. ‘चरबीची गाठ’ म्हणून दाखवली जाणारी प्रत्येक गाठ पुटी नसते. लायपोमा म्हणजे मेदपेशींचा भरीव गोळा, त्याला पोकळी नसते.

भित्ती व नाते : बहुतेक त्वचापुटी केशपुटकातून निघतात. अस्तर पुटकाच्या कोणत्या भागाचे, यावर जात ठरते. गाठीचा आकार व जागा या दुय्यम खुणा होत. पुटकाच्या मुखाजवळच्या भागातून एपिडर्मॉइड पुटी होते. तिच्या अस्तरात कणमय थर असतो, आत पापुद्र्यापापुद्र्यांचे केराटिन साठते आणि वर पुष्कळदा काळे छिद्र दिसते. चेहरा, मान व पाठ या तिच्या नेहमीच्या जागा. पुटकाच्या मधल्या भागातील बाह्य मूलावरणातून पायलर पुटी होते. तिच्यात कणमय थर नसतो, केराटिन घट्ट व एकजिनसी असते. सुमारे 90 टक्के पायलर पुटी डोक्यावर आढळतात आणि अनेक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालतात. या दोहोंत त्वचेचे तेल नसते, तरी ‘सिबेशियस सिस्ट’ हे चुकीचे नाव केसपेपरवर अजून टिकून आहे.

ते नाव शोभते स्टीॲटोसिस्टोमाला. त्याच्या भित्तीतच तैलग्रंथी असतात. छाती व काखेत, बहुधा पौगंडावस्थेत, अशा अनेक गाठी उठतात. बारीक लव साठणाऱ्या वेलस पुटींशी त्याचे नाते वादग्रस्त आहे. केराटिन 17 दोहोंत सापडते, केराटिन 10 मात्र स्टीॲटोसिस्टोमातच, म्हणून काही अभ्यासक दोन्ही वेगळ्या मानतात. दोन्हींची लक्षणे एकत्र असलेल्या पुटीही आढळल्याने इतरांना त्या एकाच विकाराच्या दोन टोकांसारख्या वाटतात.

मिलिया : एक-दोन मिलिमीटरच्या इवल्या एपिडर्मॉइड पुटी, नवजात बालकांत आपोआप जातात.

डर्मॉइड : जन्मजात, बहुधा भुवईच्या बाहेरील टोकाशी. नाकाच्या मध्यरेषेवरील गाठ स्कॅनशिवाय कापू नये, ती मेंदूपर्यंत जोडलेली असू शकते.

काट्याने होणारी पुटी : काटा किंवा सुई रुतताना बाह्यत्वचेचा कण आत ढकलला जातो आणि तिथेच वाढतो. तळहात, बोटे, तळपाय या केस नसलेल्या जागी पुटी दिसली की हे कारण आधी आठवावे. बारामती तालुक्याच्या मोरगाव-सुपे या जिरायती पट्ट्यात बाभळी-बोरी भरपूर. तिथल्या शेतकऱ्याला किंवा मेंढपाळाला ‘काटा मोडला होता का?’ हे विचारायलाच हवे. जखम जुनी असल्याने रुग्ण ती स्वतःहून सांगतोच असे नाही.

इतिहास : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, 11 व्या अध्यायात, मेदोज ग्रंथी येते : फारशी न दुखणारी, फुटल्यावर पेंडीसारखा वा तुपासारखा मेद बाहेर टाकणारी. हे वर्णन पुटीला जुळते. शरीराबरोबर ती वाढते व घटते हा भाग मात्र लायपोमाकडे झुकतो. 1821 मध्ये ॲस्टली कूपर यांनी इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज याच्या डोक्यावरील आवाळू काढले.

उपचार : त्रास नसल्यास गरज नाही. पिळू नये, भित्ती फुटून केराटिन आसपास पसरले की लाली व ठणका येतो, आणि तो संसर्गच समजला जातो. पूर्ण पिशवी निघाली नाही तर गाठ पुन्हा होते. लहान वयात अनेक एपिडर्मॉइड पुटी आढळल्यास मोठ्या आतड्याचीही तपासणी करावी, कारण गार्डनर विकारात या पुटी व आतड्यातील गाठी (पॉलिप) एकत्र येतात. कर्करोग क्वचितच होतो, तरीही काढलेली गाठ टाकून न देता फॉर्मेलिनमध्ये विकृतिशास्त्रीय तपासणीस पाठवावी.