वऱ्हाडची शिल्लक

यवतमाळकडील कापसाच्या गाड्या एके काळीं धामणगांवच्या स्टेशनावर येऊन लागत. आगगाडी १८६७ सालीं नागपुरास पोंचली. त्याच दशकांत अमेरिकेंतील यादवीमुळें कापसास पूर्वीं कधीं न मिळालेला भाव आला होता. कापसाची लागवड वाढली, तसा वऱ्हाडचा वसूलही वाढला. हा वाढलेला पैसा कोणाचा, याची वाटाघाट मात्र हैदराबाद आणि कलकत्ता येथें चालली होती.

२१ मे १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें, तें हैदराबाद कंटिंजंट फौजेचा खर्च भागावा म्हणून. खर्च जाऊन जें उरेल तें निजामास द्यावें व हिशेब दरसाल दाखवावा, असा करार होता. १८६० च्या दुसऱ्या तहानें धाराशिव व रायचूर दुआब निजामास परत मिळाले, सुमारें पन्नास लाखांचें कर्ज माफ झालें. पण हिशेब मागण्याचा हक्क गेला. कारभारावर किती खर्चावयाचें, हें इंग्रज सरकारनेंच ठरवावयाचें! एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस याचा अर्थ फोडून सांगावयास नको. वही ज्याच्या हातीं, त्याच्याच मर्जीवर धाकट्या भावाची शिल्लक. सर सालारजंगांनीं वऱ्हाड परत मिळावें म्हणून वर्षानुवर्षें खटपट केली. १८७६ त ते विलायतेसही जाऊन आले. उपयोग झाला नाहीं.

निजामावर अन्याय झाला, हें मला मान्य आहे. परंतु माझी तक्रार निराळी आहे. दोन्हीं तहांत फौजेची तरतूद होती, निजामाच्या शिल्लकेची होती. ज्या काळ्या जमिनींतून तो पैसा निघाला तिच्यावर पाऊस न पडला तर काय, याविषयीं एक अक्षर नव्हतें. सुकाळांतील शिल्लक प्रांताबाहेर गेली. १८९९-१९०० चा दुष्काळ आला तेव्हां गांठीं कांहीं नव्हतें, आणि हिंदुस्थान सरकारचें कर्ज काढावें लागलें. १९०२ सालीं लॉर्ड कर्झननीं हा शिल्लकेचा व्यवहारच मिटवून टाकला: वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें घेतलें, खंड सालिना २५ लाख रुपये. त्या खंडांतूनही आरंभीं कर्जाचे हप्ते कापले जात होते.

पुढच्याच सालीं वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराखालीं गेलें. १९१९ च्या सुधारणा कायद्याखालीं जे नियम झाले, त्यांनीं प्रत्येक प्रांतास दुष्काळासाठीं दरसाल ठराविक रक्कम बाजूस काढणें भाग पाडलें; चांगल्या सालीं न खर्चलेला भाग निधींत साठत जाई. मध्यप्रांताच्या नांवें ४७ लाख २६ हजार लिहिले गेले. मुंबई इलाख्याखेरीज इतकी मोठी रक्कम कोणत्याही प्रांतास लावलेली नव्हती. निजामाच्या खंडाच्या जवळजवळ दुप्पट पैसा आतां, वांटणी होण्याच्या आधींच, न पडलेल्या पावसाच्या नांवें निघूं लागला होता.