बडोद्याचा विषप्रयोग खटला आणि सार्जंट बॅलंटाइन

आरोपीची बाजू मांडणे हे वकिलीचे मूळ कार्य होय. आरोपी लोकप्रिय असो वा लोकनिंदेस पात्र झालेला असो, त्याच्यावरील आरोप पुराव्याच्या कसोटीस उतरतो की नाही, एवढेच निष्णात वकील पाहतो. या कर्तव्याचे एक लक्षणीय उदाहरण १८७५ साली बडोद्यास घडले.

१८७० मध्ये गादीवर आलेल्या मल्हारराव गायकवाडांच्या कारभाराविषयी गंभीर तक्रारी होत्या. १८७३ साली सर रिचर्ड मीड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने त्यांची चौकशी केली आणि पुढे कारभार सुधारण्यासाठी महाराजांना मुदत मिळाली. दादाभाई नौरोजी काही काळ दिवाण होते. परंतु रेसिडेंट कर्नल फेअर आणि दरबार यांचे सूत कधीच जुळले नाही. २ नोव्हेंबर १८७४ रोजी महाराजांनी खलिता पाठवून फेअर यांच्या बदलीची मागणी केली. ९ नोव्हेंबरला फेअर यांच्या सरबताच्या पेल्यात गाळ आढळला; तपासणीत त्यात सोमल व हिऱ्याची पूड असल्याचे निष्पन्न झाले. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली.

त्यांच्या बचावासाठी विलायतेहून सार्जंट विल्यम बॅलंटाइन यांस पाचारण करण्यात आले. सार्जंट ही इंग्लंडातील ज्येष्ठ बॅरिस्टरांची पदवी होती. बॅलंटाइन तेव्हा वयाच्या साठीपलीकडे होते आणि वकिलीत त्यांची चाळीस वर्षे गेली होती. एकाच प्रकारच्या दाव्यांत ते अडकून पडले नव्हते. १८६४ च्या म्युलर खून खटल्यात ते सरकारपक्षाकडून उभे होते. पुढे गाजलेल्या टिचबोर्न वारसादाव्यात त्यांनी दावेदाराचे वकीलपत्र घेतले. दोन्ही बाजूंनी लढलेल्या अशा वकिलास साक्षीदाराची पारख सहज होते. बडोद्यात त्यांच्यासोबत ब्रॅन्सन, पर्सेल हे बॅरिस्टर तसेच शांताराम नारायण व वासुदेव जगन्नाथ हे आपले वकील होते.

२३ फेब्रुवारीस सुनावणी सुरू झाली. हे नेहमीचे न्यायालय नव्हते. अध्यक्षस्थानी सर रिचर्ड कौच होते आणि सदस्यांत मीड, मेलव्हिल, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह व ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव होते. ज्या मीडसाहेबांनी पूर्वी या दरबाराची चौकशी केली, तेच आता न्याय करावयास बसले होते. आयोगास शिक्षा देण्याचा अधिकार नव्हता. आपले मत व्हाइसरॉयांस कळविणे एवढेच त्याचे काम. आरोप ठेवणारे आणि अंतिम निर्णय घेणारे सरकार एकच होते.

सरकारी पुराव्याची भिस्त माफीच्या साक्षीदारांवर होती. रेसिडेन्सीतील हवालदार रावजी याने पेल्यात विष टाकल्याचे कबूल केले होते. महाराजांचे खाजगी कारभारी दामोदरपंत यांनी महाराजांकडे बोट दाखविले. बॅलंटाइन यांनी या साखळीची एकेक कडी तपासली. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, ती महिना उलटल्यावर, तीही पोलिसांच्या हाती. मग ती पोलिसांनीच तेथे ठेवली नाही कशावरून? रेसिडेन्सीतील गोमंतकीय बटलर पेद्रो याने गोव्यास रजेवर जाताना साठ रुपये मिळाल्याचे मान्य केले, पण विषाच्या कारस्थानात आपला हात असल्याचे साफ नाकारले. तो सरकारपक्षाचाच साक्षीदार. त्याचे खरे मानावे, तर रावजीच्या कथनास तडा जातो. हिऱ्यांचा व्यापारी हेमचंद यानेही पूर्वीचा जबाब दबावामुळे दिल्याचे सांगितले. शिवाय बदलीचा खलिता पाठविलेला असता महाराजांनी एवढा जीवघेणा धोका का पत्करावा, हा प्रश्न बॅलंटाइन यांनी आयोगापुढे ठेवला.

परिणामी आयोग दुभंगला. तिघा इंग्रज सदस्यांनी आरोप मान्य केला. शिंदे, जयपूर नरेश व दिनकरराव यांनी तो मान्य केला नाही. महाराजांना गादी मात्र परत मिळाली नाही. एप्रिल १८७५ मध्ये सरकारने त्यांना पदच्युत केले, परंतु कारण दिले ते गैरवर्तनाचे, गैरकारभाराचे व सुधारणा करण्यातील असमर्थतेचे. विषप्रयोगाच्या आरोपावर तो निर्णय आधारता आला नाही. मल्हाररावांची रवानगी मद्रासेस झाली आणि तेथेच १८८२ मध्ये त्यांचा अंत झाला. जमनाबाईसाहेबांनी २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतलेले सयाजीराव पुढे बडोद्याचे कीर्तिमान अधिपती झाले.

बॅलंटाइन यांचा युक्तिवाद राज्य वाचवू शकला नाही, यास्तव तो व्यर्थ ठरला असे म्हणता येत नाही. गैरकारभार एक आणि खुनाचा प्रयत्न दुसरा. पहिल्याच्या रागाने दुसरा सिद्ध होत नाही, हा भेद त्यांनी सत्तेपुढे जिवंत ठेवला. देवस्थानाचे हक्क, मानपान व जमिनी यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या न्यायालयाची पायरी चढलेल्या कुटुंबांना या भेदाचे मोल वेगळे सांगावयास नको. निकाल वकिलाच्या हाती नसतो. पुराव्याची कसून पारख झाल्यावाचून कोणासही दोषी न ठरू देणे, एवढे मात्र त्याच्या हाती असते. आणि बडोद्यात ते कार्य निष्ठेने पार पडले.