उंदीर, कौले आणि चिंचवडचे तीन भाऊ

१/
२२ जून १८९७ ची रात्र. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा करून परतणाऱ्या वॉल्टर चार्ल्स रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. हा प्रसंग शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक असतो. त्यामागे प्लेगची साथ होती, हेही ठाऊक असते. मात्र त्या साथीचा खरा वाहक घराच्या आढ्यात आणि भिंतीच्या बिळात बसला होता आणि त्याला कोणी शोधतच नव्हते, हा भाग सहसा सांगितला जात नाही.

२/
आधी त्या काळचे घर पाहावे लागेल. पवनाकाठचे चिंचवड असो वा पुण्यातील पेठा, सामान्य घराच्या भिंती मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या, जमीन शेणाने सारवलेली, छप्पर नळीच्या कौलांचे. धान्य कणगीत, बळदात किंवा पेवात. मनुष्य आणि वर्षाचे धान्य एकाच छपराखाली राहत. जिथे धान्य तिथे उंदीर, ही गोष्ट प्रत्येक घराने गृहीत धरलेली होती.

३/
त्याचा बंदोबस्तही घरच्या घरीच होई. बिळात काचा कोंबून वरून चिखलाने लिंपायचे, पोपडे निघालेली भिंत पुन्हा सारवायची, चुन्याची सफेदी द्यायची. कडधान्याला राख चोळायची, धान्यात कडुनिंबाचा पाला घालायचा. ढेकणांसाठी बाज उन्हात टाकून सांध्यांत उकळते पाणी ओतायचे. पावसाळ्याआधी घर शाकारायचे, म्हणजे कौले उतरवून, फुटकी बदलून पुन्हा बसवायची. यासाठी कोणतेही खाते नव्हते. घरातील बायका आणि गडीमाणसे हे काम वर्षानुवर्षे करीत.

४/
सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे गाठीच्या प्लेगचे निदान केले. मांडवी हा गोदीलगतचा, धान्याच्या वखारींचा भाग. काही महिन्यांतच साथ पुण्यात पोहोचली. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे सापडला होता. पण तो माणसाच्या शरीरात कसा शिरतो, हे निश्चित झाले नव्हते. दूषित हवा, घाण, रोग्याचा स्पर्श, कपडे अशा सर्वांवर संशय होता.

५/
फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली आणि मार्च ते मे या काळात गोऱ्या सोजिरांकडून घरोघर झडत्या घेण्यात आल्या. आजारी माणसे इस्पितळात, त्यांचे नातलग विलगीकरण छावणीत. देवघरापर्यंत बूट गेले, सामान जाळले गेले आणि स्त्रियांच्या तपासणीवरून संताप उसळला. अंमलबजावणी सौम्य होती असा सरकारचा दावा होता. पुणेकरांच्या तक्रारी नेमक्या उलट होत्या.

६/
या मोहिमेत घरावरही हत्यारे चालली. जमिनी खणल्या, कार्बोलिक ॲसिड शिंपडले, भिंतींना चुना दिला, कुठे ऊन आत यावे म्हणून कौले काढली. कामे वरवर पाहता तीच होती: खणणे, सफेदी, कौले उतरवणे. पण जी घरमालक आपल्या हाताने, कोणते बीळ कुठे आहे हे जाणून करीत असे, तीच आता परक्या शिपायाने, बीळ न पाहता केली. घराची डागडुजी झाली नाही, मोडतोड झाली.

७/
शिवाय उपाय चुकीच्या शत्रूवर होता. कार्बोलिकने पृष्ठभागावरचे जंतू मरत. पण रोग उंदरांच्या रक्तात आणि त्यांच्या अंगावरील पिसवांच्या पोटात होता. घरात खणाखणी सुरू झाली की उंदीर शेजारच्या घरात पळणार. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा नवे ऊबदार शरीर शोधणार. तेव्हा माणूस हातभर अंतरावर झोपलेला असे.

८/
या साथीची किंमत मोठी होती. रोग्यांची सेवा करताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. रँड यांच्या हत्येनंतर ‘केसरी’तील लेखनावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. दामोदर चापेकर यांना एप्रिल १८९८ मध्ये, तर बाळकृष्ण, वासुदेव आणि त्यांचे सहकारी महादेव रानडे यांना मे १८९९ मध्ये फाशी देण्यात आले. चिंचवडच्या एका घरातील तीन मुलगे गेले.

९/
दामोदर यांच्या फाशीनंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोच जून १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने एक साधा प्रयोग केला. काचेच्या भांड्यात प्लेगचा उंदीर आणि त्याच्या पिसवा. शेजारी जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर. स्पर्श अशक्य, पिसवांना मात्र वाट मोकळी. निरोगी उंदीरही प्लेगने मेला. सिमाँ यांचे म्हणणे तेव्हा अनेक तज्ज्ञांनी मानले नाही.

१०/
१९०५ पासून मुंबईत नव्या प्लेग संशोधन आयोगाने हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. त्यातील एक प्रयोग घराच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. सहा झोपड्या बांधल्या: दोनांवर देशी कौले, दोनांवर मंगळुरी कौले, दोनांवर पन्हळी पत्रे. छपराखाली जाळी ताणली, म्हणजे उंदीर खाली येणार नाहीत, पण पिसवा पडू शकतील. छपरांत उंदीर वस्तीला येऊ दिले. मग जमिनीवर प्लेगग्रस्त आणि निरोगी गिनीपिग एकत्र सोडले.

११/
कौलारू झोपड्यांत निरोगी गिनीपिगही प्लेगने मेले. पत्र्याच्या झोपड्यांत आजारी आणि निरोगी एकत्र राहूनही निरोगी जनावरे जगली, कारण त्या छपरात उंदरांना जागा नव्हती आणि म्हणून खाली पिसवा नव्हत्या. आणखी एका प्रयोगात जमिनीलगत टांगलेल्या गिनीपिगला प्लेग झाला, दोन फूट उंचावरचा वाचला; पिसवेची उडी तेवढी उंच जात नाही. रोग्याच्या नुसत्या सहवासापेक्षा छप्पर आणि जमीन अधिक निर्णायक ठरली.

१२/
लोकांच्या अनुभवाला यातले अर्धे सत्य आधीच सापडले होते. ‘उंदीर पडू लागले’ हा मराठी गावांतला प्लेगचा इशाराच होता. घरात मेलेला उंदीर दिसला की गाव रिकामे करून लोक माळावर, शेतात झोपड्या बांधून राहत. पिसवेचे नाव ठाऊक नसले तरी घरापासून दूर जावे, एवढे ते जाणत होते. पुढे सरकारनेही गाव सोडण्याच्या या उपायाला उत्तेजन दिले. तरीही पहिल्या काही दशकांत देशभर प्लेगने १ कोटीहून अधिक बळी घेतले.

१३/
दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. बिळांत आणि घरांत फवारलेल्या डीडीटीने पिसवा मरू लागल्या. स्ट्रेप्टोमायसिनमुळे रोगी वाचू लागले. १९५४ मध्ये चापेकरांच्या चिंचवडशेजारी, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. तेथे आधी पेनिसिलीन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले. ज्या रोगावरील उपायांच्या रोषातून चिंचवडचे तीन तरुण फासावर गेले, त्याच रोगावरचे औषध काही मैलांवर बनू लागले.

१४/
पण औषध आले म्हणून घराचा प्रश्न सुटत नाही. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बीड जिल्ह्यातील मामला गावात भीतीने लोक घराबाहेर राहू लागले आणि साठवलेले धान्य आतच राहिले. उंदीर माजले. ऑगस्ट १९९४ मध्ये तेथे गाठीचा प्लेग आढळला; त्याआधी गावकऱ्यांनी पिसवांच्या उपद्रवाची तक्रार केली होती. शंभर वर्षांनीही साखळी तीच होती: धान्य, बीळ, पिसू, माणूस.

१५/
या इतिहासातून निघालेला नियम आजही पाळला जातो: प्लेगच्या क्षेत्रात आधी पिसवा माराव्यात, मग उंदीर. क्रम उलटला तर मेलेल्या उंदरांवरच्या पिसवा माणसांकडे वळतात. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये, हेही त्यातलेच. आणि साथ नसतानाचा सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे नळाच्या पाइपाभोवतीची फट सिमेंटने बुजवणे, दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी मारणे, धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे. चाकणमधील कामगाराची पत्र्याची खोली असो वा निगडीतील फ्लॅट, हे काम बाहेरून कोणी येऊन कायमचे करून देत नाही.

१६/
चिंचवडगावात चापेकर वाडा आज स्मारक म्हणून उभा आहे. तो पाहताना क्रांतिकारकांच्या तसबिरींबरोबर जुन्या घरांची रचनाही मनात आणावी. १८९७ मध्ये सरकारपाशी सत्ता होती आणि शिपाई होते. घराची ओळख मात्र त्या घरात राहणाऱ्यांनाच होती. त्यांना विश्वासात न घेता राबवलेल्या मोहिमेत रोगाचा माग लागला नाही आणि माणसांचा विश्वास तेवढा गेला.