गंजिफाची पानं आणि गेमचा धंदा

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या उद्योगांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. २०५० पर्यंतचा आराखडा, ३,२६८ कोटी रुपये आणि दोन लाख रोजगारांची अपेक्षा, असे त्याचे आकडे आहेत. ही बातमी वाचताना मला सावंतवाडी आठवली. आमच्या तळेऱ्याच्या तिठ्यावरून एक रस्ता गगनबावड्यामार्गे कोल्हापूरला चढतो, दुसरा दक्षिणेला सावंतवाडी-गोव्याकडे जातो. त्या दुसऱ्या रस्त्याने दीड-दोन तास गेलं की जे गाव लागतं, तिथे खेळ घडवण्याचा धंदा फार पूर्वीपासून आहे. त्याला आपण कधी ‘इंडस्ट्री’ म्हटलं नाही, एवढंच.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. खेळ आला इराणकडून. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात मामलुक काळातल्या पत्त्यांचा संच आहे, त्याच्या पानावरही ‘कंजिफा’ हा शब्द सापडतो. हिंदुस्थानात या खेळाची पहिली ठळक नोंद बाबराची. त्याने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवल्याचं बाबरनाम्यात आहे. पुढे अबुल फजलने आईन-ए-अकबरीत पानांचं बारीक वर्णन केलं. मोगल गंजिफात ८ रंग, प्रत्येकात १२ पानं, एकूण ९६. रंगांची नावं ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश अशी. म्हणजे मुकुट, तलवार, चाकर, वाद्य, नाणी, हुंडी, कापड. अख्खा दरबार आणि त्याचा खजिना पत्त्यांत उतरलेला.

हाच खेळ दख्खनमार्गे खाली आला आणि इथल्या लोकांनी त्याला आपलं रूप दिलं. ८ रंगांच्या जागी १० अवतार, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. पानं १२०. पण राजा आणि त्याचा वजीर तसेच राहिले, एक ते दहाची पानं तशीच राहिली, काही रंगांत लहान आकडा मोठा ठरतो ही गंमतही राहिली. मोगल गंजिफात दिवसा सुर्खवाला उतारी करतो आणि रात्री सफेदवाला, कारण एक सोन्याचं नाणं, सूर्यासारखं, आणि दुसरं चांदीचं, चंद्रासारखं. दशावतारी गंजिफात दिवसा राम सुरुवात करतो, रात्री कृष्ण. ज्याने कोणी हा बदल केला त्याला खेळाची अंतर्रचना पक्की ठाऊक होती. आज गेम कंपन्या दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी खेळाचा पेहराव बदलतात आणि त्यासाठी माणसं नेमतात. इथे ते काम चितारी आणि शास्त्री-पंडितांनी मिळून केलं. मुसलमान दरबाराचा खेळ म्हणून कुणी तो टाकून दिला नाही, आणि अवतार आले म्हणून कुणी वजिराला हाकललं नाही. इतिहासाच्या नावाने भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी १२० पानांचा एक डाव मांडून बघावा.

सावंतवाडीत ही कला टिकली ती राजाश्रयामुळे. चिंचोक्याची खळ, खडू, लाख, नैसर्गिक रंग असा सगळा माल हाताशी. चितारआळीत पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी आणि फळं होत, तेच हात गंजिफाही रंगवत. मग विलायतेतून छापील, चौकोनी, ५२ पानांचे पत्ते आले. ते स्वस्त होते. एक संच रंगवायला चिताऱ्याला कितीतरी दिवस लागायचे, तिकडे यंत्र हजारो संच ओतत होतं. संस्थानं गेली आणि उरलासुरला गिऱ्हाईकही गेला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पत्ते रंगवता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी या दांपत्याने एका वृद्ध चिताऱ्याकडून ही कला शिकून घेतली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यातच कारखाना काढला. दरबार हॉलमध्ये कारागीर बसून पत्ते रंगवू लागले. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी शिक्षण, मग भांडवल, मग रोज बसायची जागा, मग गिऱ्हाईक. या चारांतलं एक जरी नसतं तरी आज आपण गंजिफा फक्त संग्रहालयाच्या काचेआड पाहिला असता.

आता स्कॉटलंडमधल्या डंडीकडे वळू. हे शहर तागाच्या गिरण्यांवर उभं राहिलं आणि ताग जायचा आपल्या बंगालमधून. हुगळीकाठी गिरण्या झाल्या तशी डंडीची सद्दी संपत गेली. पुढे तिथल्या टाइमेक्सच्या कारखान्यात झेडएक्स स्पेक्ट्रम हा स्वस्त संगणक जुळवला जाऊ लागला. कामगारवस्तीच्या घराघरांत तो पोहोचला आणि पोरं त्यावर प्रोग्राम लिहायला शिकली. त्यातूनच डीएमए डिझाइन ही कंपनी निघाली, १९९१ मध्ये ‘लेमिंग्ज’ आणि १९९७ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ आला. त्याच १९९७ मध्ये तिथल्या ॲबर्टे विद्यापीठाने संगणकीय खेळांची पदवी सुरू केली, जगातली पहिली. टाइमेक्सचा कारखाना त्याआधीच, १९९३ मध्ये बंद पडला होता. कारखाना गेला पण शिकलेली पोरं गावात राहिली, कारण गावातच विद्यापीठ होतं. दीड लाखाच्या आसपास वस्तीचं हे शहर!

आपल्याकडची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये मुंबईत इंडियागेम्स सुरू केली. मोबाइलच्या लाटेवर ती मोठी झाली, मग चिनी टॉम ऑनलाइन, नंतर यूटीव्ही, शेवटी डिस्नेकडे गेली. २००८ मध्ये युबिसॉफ्टने गेमलॉफ्टचा पुण्याचा स्टुडिओ घेतला. २०१८ मध्ये मुंबईतही स्टुडिओ उघडला आणि त्याच वेळी मुंबई विद्यापीठाबरोबर गेम घडवण्याची पदवी तयार करण्याचं जाहीर केलं. आमचा सिंधुदुर्ग याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो.

२०२० मध्ये या दोन स्टुडिओंकडे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ नव्याने बनवण्याचं काम आल्याचं जाहीर झालं. मूळ ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणाने १९८९ मध्ये अलिफ लैलाच्या विलायती कल्पनेतून रचला होता. म्हणजे इराणचा शहजादा अमेरिकेत जन्मला, फ्रेंच कंपनीकडे गेला आणि घडायला पुण्या-मुंबईत आला. ज्या प्रदेशात गंजिफा इराणहून येऊन मुरला, तिथे हा पाहुणा चांगला रमला असता. पण पहिल्या झलकीवर जगभरातून टीका झाली आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलला हलवलं गेलं. आमची पोरं कमी पडली असं काहीजण म्हणाले. मला तसं वाटत नाही. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या खेळाचे तुकडे जुळवून देणाऱ्याला एकदम अख्खा खेळ दिला की हात थरथरणारच. अख्खा खेळ करायची सवयही पैसा लावूनच लागते.

पुण्याच्या नोडिंग हेड्सने तो अख्खा खेळ केला. ‘राजी’ २०२० मध्ये आला, जगभर वाखाणला गेला. त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीची त्यांची मोहीम फसली होती आणि संस्थापकांपैकी एकाला फ्लॅट विकावा लागला होता. फ्लॅट विकून उद्योग उभा राहत नाही, फार तर एखादा खेळ उभा राहतो.

आपल्या घरांत मात्र आडकाठी आणखी एक आहे. मुलाने गेम बनवायचं शिकतो म्हटलं की पहिला शब्द येतो ‘जुगार’. कोकणी मुसलमान शाफई आहेत, म्हणून आठवण करून देतो. शतरंजच्या बाबतीत इमाम शाफई यांचं मत इतर मजहबांपेक्षा सैल आहे. पैज नसेल, नमाज चुकत नसेल, तर तो मकरूह, हराम नव्हे. हजार-बाराशे वर्षांपूर्वी फुकहांनी खेळ आणि पैज यांत जी रेघ ओढली, जवळपास तीच ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यात आहे. पैशावरचे ऑनलाइन खेळ बंद, ई-स्पोर्ट्स आणि साधे खेळ चालू.

दुसरं दुखणं मला जास्त खुपतं. कितीतरी लोकप्रिय नेमबाजीच्या खेळांत अरबी पाट्यांचा बाजार दिसला की बंदूक उचलायची असते. ती गल्ली काढणाऱ्याला मशिदीच्या पायऱ्यांवर संध्याकाळी कोण बसतं हे माहीत नसतं. आमच्या मुलांना माहीत आहे, पण ती बारावीनंतर मस्कत-कुवेतला वर्कशॉप आणि दुकानं सांभाळायला जातात.

३,२६८ कोटींतले किती पनवेलच्या खाली उतरतील, ते अंमलबजावणीत दिसेल. कणकवली-सावंतवाडीच्या कॉलेजांत एक प्रयोगशाळा, दोन जाणते शिक्षक आणि पदवीनंतर वर्षभर पगार देणारा छोटा स्टुडिओ, इतकं झालं तरी सुरुवात होईल. पहिलं काम काय द्यायचं हेही ठरलेलं आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यातून पर्यटक आजही गंजिफा विकत घेतात, चौकटीत घालून भिंतीवर लावतात. १२० पानं कशी वाटायची, उतारी कुणाची आणि कुठल्या रंगात एक्का मोठा, हे त्यांतल्या फारच थोड्यांना येतं.