निवडणूक उलथविणारी जमावहिंसा : नेत्यांचे उत्तरदायित्व

मतदानाने लागलेला निकाल किंवा त्यातून अधिकारावर आलेले शासन बळाने रद्द करण्याच्या हेतूने जमावाने केलेल्या हिंसेबद्दल, त्या जमावास प्रवृत्त करणाऱ्या नेत्यांना कितपत जबाबदार धरावे, हा लोकशाहीच्या इतिहासातील एक बिकट प्रश्न होय. शस्त्र उचलणारा हात साक्षीपुराव्याने ओळखता येतो. नेत्याचा सहभाग मात्र बहुधा शब्दांपुरता असतो. त्यामुळे शिक्षा अनुयायांना आणि लाभ नेत्याला, असा प्रकार वारंवार आढळतो.

काही वेळा शिक्षा कोणालाच झाली नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विल्मिंग्टन (नॉर्थ कॅरोलायना) येथे १० नोव्हेंबर १८९८ रोजी श्वेतवर्णीयांच्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राची इमारत जाळली, अनेक कृष्णवर्णीयांना ठार केले आणि रीतसर अधिकारावर असलेल्या नगरशासनास राजीनामा देण्यास भाग पाडले. जमावाचा एक पुढारी ॲल्फ्रेड वॉडेल हा त्याच दिवशी नगराध्यक्ष झाला.

त्याच देशात ३ नोव्हेंबर २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत जो बायडन यांना ३०६, तर डोनल्ड ट्रंप यांना २३२ निर्वाचक मते मिळाली. निकालाविरुद्धचे साठाहून अधिक दावे न्यायालयांत टिकले नाहीत. ६ जानेवारी २०२१ रोजी मतगणनेसाठी काँग्रेसचे संयुक्त अधिवेशन भरले असता, ट्रंप यांच्या सभेनंतर त्यांच्या समर्थकांचा जमाव कॅपिटॉलमध्ये घुसला. सुमारे १४० पोलिसांवर हल्ले झाले; गणना काही तास थांबली व दुसऱ्या दिवशी पहाटे पुरी झाली. प्रतिनिधिगृहाने ट्रंप यांच्यावर बंडास चिथावणी दिल्याबद्दल महाभियोग आणला. सीनेटमध्ये ५७ विरुद्ध ४३ असे मतदान झाले. दोन-तृतीयांश बहुमताअभावी ते दोषमुक्त ठरले. १९६९ च्या ब्रँडनबर्ग निवाड्यानुसार, तात्काळ बेकायदा कृती घडवून आणण्याच्या उद्देशाने केलेले व तशी कृती घडण्याचा संभव असलेले भाषणच तेथे चिथावणी म्हणून दंडनीय ठरते. २०२३ मध्ये दाखल झालेला फौजदारी खटला सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अध्यक्षांच्या अधिकृत कृत्यांना दिलेल्या संरक्षणामुळे रेंगाळला आणि ट्रंप पुन्हा निवडून आल्यावर मागे घेण्यात आला. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी सुमारे दीड हजार आरोपींना माफी दिली.

ब्राझीलमधील घडामोडींचा शेवट वेगळा झाला. ८ जानेवारी २०२३ रोजी झाईर बोल्सोनारो यांच्या समर्थकांनी राजधानीतील संसद, सर्वोच्च न्यायालय व अध्यक्षीय प्रासाद यांची नासधूस केली. त्या वेळी बोल्सोनारो परदेशात होते. तथापि न्यायालयाने एका दिवसाच्या घटनेपुरते न पाहता निकालापूर्वीपासूनच्या त्यांच्या संपूर्ण वर्तनाचा विचार केला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सत्तापालटाच्या कटाबद्दल त्यांना २७ वर्षे ३ महिन्यांची शिक्षा सुनावली.

भारतात राष्ट्रीय निवडणुकीचा निकाल जमावाच्या बळावर उलथविला गेल्याचे उदाहरण नाही. परंतु मतदानकेंद्रे बळकावण्याचे प्रकार घडले व १९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये दुरुस्ती करून त्यासाठी स्वतंत्र शिक्षा ठरविण्यात आली. याच अधिनियमानुसार उमेदवाराच्या संमतीने इतरांनी केलेले भ्रष्ट आचरणही त्याची निवड रद्द होण्यास कारण ठरते. या तत्त्वाचा महत्त्वाचा कस महाराष्ट्रात लागला. मुंबईतील विलेपार्ले येथील डिसेंबर १९८७ च्या पोटनिवडणुकीत शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांनी केलेल्या भाषणांवरून विजयी उमेदवार रमेश प्रभू यांची निवड मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पुढे १९९९ मध्ये ठाकरे यांचा मतदानाचा हक्कही ठराविक काळापुरता काढून घेण्यात आला. येथे प्रश्न हिंसेचा नव्हता, धर्माच्या नावाने मते मागण्याचा व द्वेष वाढविण्याचा होता. परंतु नेत्याचे शब्द हे त्याचे कृत्यच होय, हे तत्त्व त्यातून दृढ झाले.

या तत्त्वाला दुसरी बाजूही आहे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखाला लागून असलेल्या डहाणू-उंबरगाव भागात १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. सावकार व जमीनदार यांच्या जुलमातून तो उद्‌भवला होता. तरीही शासनाने किसान सभेच्या शामराव व गोदावरी परुळेकर यांना चिथावणीखोर ठरवून जिल्हाबंदी केली. ज्यांना मतपेटीचा मार्ग मोकळा नव्हता, त्यांना संघटित करणे आणि मतपेटीचा कौल मोडण्यासाठी जमाव धाडणे यांत मूलभूत भेद आहे. म्हणून उत्तरदायित्व ठरविताना जमाव किती मोठा होता यापेक्षा नेत्याला सत्य काय ठाऊक होते, त्याने काय सांगितले आणि हिंसा सुरू झाल्यावर ती थांबविण्यासाठी काय केले, हे पुराव्याने तपासणे आवश्यक ठरते. पराभव मान्य करणे हे नेत्याचे निव्वळ सौजन्य नसून निवडणूक लढविताना त्याने स्वीकारलेले कर्तव्यच होय.